चोरा, हात काढ

मी त्या छपाईच्या दुकानात शिरले ती फक्त एका पाटीसाठी. ‘घाई असेल त्यांनी घरी शिवावं’ एवढंच मोठ्या अक्षरांत छापून हवं होतं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोक सकाळी फाटकी पँट आणून टाकतात आणि दुपारी मलाच घड्याळ दाखवतात.

काउंटरमागे तो होता. कुरळे केस, कानामागे पेन्सिल आणि डोळे असे, की मी क्षणभर पाटीचा मजकूरच विसरले… बाहेर पाऊस रेंगाळत होता, आत गरम कागदाचा वास. मशीन पानामागून पान ओकत होतं. मी सहज मान वाकडी करून वरचं पान वाचलं आणि डोक्यात जाळ झाला.

‘बाईच्या कपड्याला खिसा देत नाहीत. खिशात हात घालून निवांत उभी असलेली बाई बघवत नाही ना कुणाला.’

माझं वाक्य. माझ्या ब्लॉगवरचं. पूर्णविरामासकट माझं!

“हे काय आहे?”

“गिऱ्हाइकाचं काम.”

“कुठल्या गिऱ्हाइकाचं?”

“ते आम्ही सांगत नाही. आणि हात लावू नका, पानं गरम आहेत.”

“मीही गरम आहे!”

तो हसला. हसला! गालावर खळीसुद्धा पडली मेल्याच्या.

तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या वेबसाइटने माझे लेख अख्खेच्या अख्खे उचलले होते. मी चार पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग मी ब्लॉगवर एक प्लगइन बसवलं, ब्लॉगला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. राइट-क्लिक बंद, मजकूर निवडणं बंद, प्रिंट दिलं तर कोरं पान. आणि कुणी प्रयत्न केलाच तर पडद्यावर मोठी लाल अक्षरं: ‘चोरा, हात काढ.’ ती अक्षरं मी स्वतः लिहिली होती, दातओठ खात. एवढं करूनही माझा लेख इथे, या खळीवाल्याच्या मशीनवर?

मी पानांचा फोटो काढला, त्याचा काढला, दुकानाच्या पाटीचा काढला. माझ्या दुकानात परत येऊन ‘चोर सापडला’ नावाचा लेख लिहिला. माझ्याकडे आणखी एक प्लगइन होतं. एक बटण दाबलं की लेख आपोआप सोशल मीडियावर चार ठिकाणी जायचा. रागावलेल्या बाईच्या हातात असलं साधन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. मी बटण दाबलं. एरवी साठ माणसं वाचतात. संध्याकाळपर्यंत तीन हजारांनी वाचलं.

आई म्हणाली, “त्याला नीट विचारलंस तरी का?”

“चोराला काय विचारायचं?”

“कपड्यांना करतेस तशी जिभेलाही जरा इस्त्री कर गं बाई.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला. छत्री निथळत होती, खळीचा पत्ता नव्हता. त्याने एक जाडजूड फाइल माझ्या कापडावर आपटली.

“ओळखलंत? मी चोर.”

मी कात्री खाली ठेवली नाही.

“लोक येऊन शिव्या घालतायत. एकजण काउंटरवर थुंकून गेला. मालकीणबाईंनी आजपासून घरी बसवलंय. सात वर्षं झाली तिथे… तुम्हाला सात मिनिटं लागली.”

“माझं लिखाण तुमच्या मशीनवर—”

“पहिलं पान बघा.”

मी बघितलं. माझ्या ब्लॉगचं नाव, आणि खाली, लेखाच्या मथळ्याहूनही मोठं: ‘लिहिणारी: सुईवाली’. मी ब्लॉगवर याच नावाने लिहिते. त्या दिवशी हे पान गठ्ठ्याच्या तळाला होतं. मी फक्त वरचं बघून पेटले होते.

“माझी मावशी,” तो म्हणाला. “तीच गिऱ्हाईक. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, आता धड दिसत नाही. मजकूर निवडला की तिचा फोन वाचून दाखवायचा. रोज तुमचे लेख ऐकायची, हसायची, भांडायची त्यांच्याशी. तुम्ही कुलूप लावलंत आणि फोन मुका झाला. ती बिचारी दाबत बसली, तर लाल अक्षरं आली. मोठी होती, म्हणून तेवढीच दिसली तिला. मला विचारते, ‘अरे, ही मला चोर का म्हणते?’”

दोन महिने मी कुणावर ओरडत होते? डोळे अधू झालेल्या एका शिंपिणीवर.

“तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत बघून बघून टाइप करतोय. मोठ्या अक्षरांत. एकसष्ट लेख झाले.”

मी पानं उलटली. समासात पेन्सिलीने वाकडंतिकडं लिहिलेलं: ‘खोटं! इथे तिरकी पट्टी लागते.’ ‘शाब्बास पोरी.’ ‘बाही अशी कापलीस तर गिऱ्हाईक हात वर करणार कसा?’ आणि एका वाक्याखाली निळ्या शाईची सरळ रेघ: ‘मला कुणी उसवलं तरी चालेल, पण परत शिवायला थांबलं पाहिजे.’

“ही रेघ मावशींची नाही.”

“नाही.”

“मग?”

“मी भांडायला आलोय,” तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. “विषय बदलू नका! आणि खरे चोर कुठून येतात माहितीये? तुम्ही पुढच्या दाराला कुलूप लावलंत, मागचं सताड उघडं. फीड! नवा लेख आपोआप बाहेर पाठवणारी नळी. त्यातून अख्खा लेख जातो आणि त्यांचं यंत्र तोंड लावून बसलंय. सेटिंगमध्ये जा, फीडसाठी ‘सारांश’ निवडा. एक टिचकी.”

“मग आधी सांगायचं ना!”

“दोनदा कॉमेंट केली. तुमच्या स्पॅम अडवणाऱ्या प्लगइनने गिळली असणार.”

“मी तो लेख आत्ता काढते…”

“काढा. बाकी चार ठिकाणांहून लोकांनी पुढे पाठवलाय, तो कोण काढणार? आणि काढलात की लोक म्हणतील, चोराने दम दिला.”

छत्री उघडून तो गेला. फाइल राहिली.

मी कुलूप काढलं, नळी आवळली. ‘मी खोटं लिहिलं’ असा लेख लिहिला, पहिल्या पानाचा फोटो लावला, चारही ठिकाणी पाठवला. वाचला किती जणांनी? चौऱ्याण्णव! शिव्या घालायला तीन हजार आणि खरं ऐकायला चौऱ्याण्णव. कुठे मेले बाकीचे?

दुसऱ्या दिवशी माझं दुकान बंद ठेवलं आणि छपाईच्या दुकानात जाऊन उभी राहिले.

“तुम्हीच ना त्या?” मालकीणबाई म्हणाल्या.

“मीच.”

“आता काय पाहिजे?”

“त्याची नोकरी. तोवर इथे उभी राहते.”

जो आत येऊन “तो चोरीचे लेख छापणारा इथलाच ना?” म्हणायचा, त्याला मी अडवायची. “तो चोर नाही. मी खोटारडी. हे बघा पान.” एक टाय लावलेला गृहस्थ म्हणाला, “जाऊ द्या हो, आगीशिवाय का धूर निघतो?”

“आग माझी!” मी ओरडले. “चूल माझी, लाकडं माझी, फुंकणारं तोंडही माझं! त्याचा काय संबंध?”

गृहस्थ झेरॉक्स न काढताच पळाले. मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला.

तिसऱ्या दिवशी तो आपला डबा न्यायला आला आणि दारातच थबकला.

“हे काय चाललंय?”

“तुमचं नाव धुतेय.”

“मी सांगितलं होतं का?”

“मळवताना तरी कुठे विचारलं होतं?”

तो आत आला नाही. पण गेलाही नाही… समोरच्या गळक्या छपराखाली भिजत तासभर उभा राहिला, माझ्याकडे बघत. माझा घसा बसला होता आणि हात उगाचच केसांकडे जात होते.

चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी त्याला फोन करून बोलावलं. “चार जणांनी हिची पानं वाचून माफी मागितली. माझीही चूक झाली, तुला न विचारता घरी बसवलं. लाग कामाला. आणि ही बाई माझी निम्मी गिऱ्हाइकं घाबरवून घालवतेय, हिचं काय करायचं ते तूच बघ.”

तो काउंटरमागे गेला. मशीन घरघरलं. मी इकडे, तो तिकडे.

“झालं,” तो म्हणाला. “मिळाली नोकरी. आता तुम्ही इथे उभं राहायचं काही कारण नाही.”

“माहितीये.”

“तुमचं दुकान चार दिवस बंद आहे.”

“तेही माहितीये.”

“मग?”

“मग काय मग!” माझा बसलेला आवाज चिरकला. “कारण होतं तोवर माफीसाठी उभी होते. आता कारण संपलं आणि पाय निघत नाहीयेत. एकसष्ट लेख टाइप केलेत, एवढं एक वाक्य समजत नाही?”

मालकीणबाई एकदम खोकल्या आणि आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेल्या.

त्याने कोपऱ्यातलं स्टूल पुढे घेतलं, बाहीने पुसलं.

“बस,” तो हळूच म्हणाला. “अजून रागात आहेस?”

“आहे. स्वतःवर. जायला वेळ लागेल.”

“लागू दे,” तो म्हणाला आणि त्याने स्टूल आणखी थोडं स्वतःकडे ओढलं.