सहाव्या पट्टीचं कमनशीब

"मोजा उलटा घाल! उलटा!" पोपट ओरडला.

"अरे, शिवण टोचते ना!" चिमणी वैतागली.

"टोचू दे! तुला नशीब हवंय की आराम?"

चिमणीने मुकाट्याने मोजा उलटा केला. खिशात गुळगुळीत दगड होताच. दारातून उजवा पाय आधी टाकायचा, वाटेतल्या तिन्ही खांबांना हात लावायचा आणि चिठ्ठी उचलताना श्वास रोखायचा, असा सगळा बेत पोपटाने आखला होता. हा चिमणीचा मावसभाऊ. तोंड मिटून बसणं त्याला जमायचंच नाही, म्हणून तो पोपट! दोघं सुट्टीत धाकट्या मावशीकडे राहायला आली होती. मावशीचं शिलाईचं दुकान होतं आणि दुकानासमोरच्या मैदानावर धावण्याचं शिबिर भरलं होतं.

या शिबिरातच चिमणीचं घोडं अडलं होतं. दोनशे मीटरच्या तीन निवड धावा, प्रत्येकीतल्या पहिल्या दोघी मोठ्या स्पर्धेच्या संघात. कोणी कोणत्या पट्टीतून धावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आधीच्या दोन्ही वेळा चिमणीला सहावी पट्टी आली आणि दोन्ही वेळा ती जेमतेम वीतभर अंतराने तिसरी! पोरं तिला 'कमनशिबी' म्हणायला लागली. हल्ली चहा सांडला तरी तिला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं! आज पाच वाजता शेवटची धाव होती. आज हुकलं की संपलं!

दुपारी तीनला सरांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. चिमणीने श्वास रोखून चिठ्ठी उचलली.

"दोन!" ती किंचाळली. "मला दुसरी पट्टी आली!"

पोपटाने तिथल्या तिथे कोलांटी उडी मारली. पण शेजारी उभ्या असलेल्या ताडमाडचा चेहरा पडला. ताडमाड ही दोघांची शिबिरातली मैत्रीण, नावाप्रमाणेच उंच आणि वाऱ्यासारखी धावणारी. आधीच्या दोन्ही धावांच्या वेळी ती तापाने झोपून होती. तिलाही आजची एकच संधी, आणि तिच्या चिठ्ठीवर सहाचा आकडा!

"झालं माझं कल्याण!" असं पुटपुटत ती घरी निघून गेली.

दुकानात मावशी कापडावर खडूने खुणा करत होती.

"मावशी, उपाय लागू पडला! दुसरी पट्टी!" पोपट दारातूनच ओरडला.

"अरे वा! आणि सहावी कुणाच्या गळ्यात पडली?"

"ताडमाडच्या," चिमणीचा आवाज एकदम खाली आला.

पोपटाने वही उघडली. शिबिरातला एकूण एक निकाल त्याने लिहून ठेवला होता. "गंमत बघ, मावशी. या दोनशे मीटरला सहाव्या पट्टीतून अकरा जण धावले. एकही पहिला नाही! शिबिरातल्या ज्या मोठ्या दादाला कुणी गाठू शकत नाही, तोसुद्धा तिथून हरला!"

मावशीने खडू खाली ठेवला. "लोक म्हणतात, माझ्या हाताला यश आहे, माझ्याकडे कापड कधी वाया जात नाही. कसलं डोंबलाचं यश! मी कापायच्या आधी दोनदा मोजते आणि माझी टेप अधूनमधून लोखंडी मोजपट्टीला लावून बघते. अकराच्या अकरा जण कमनशिबी कसे असतील रे? जा, त्या पट्टीचं माप बघा आधी!"

दोघं धावतच मैदानावर गेली. धाव वळणावरून सुरू व्हायची. बाहेरच्या पट्टीचं वळण मोठं, म्हणून तिथली सुरुवातीची रेघ थोडी पुढे आखायची असते. पोपट पावलाला पाऊल लावत रेघा मोजू लागला.

"तिसरी ते चौथी, सोळा पावलं. चौथी ते पाचवी, सोळा. पाचवी ते सहावी... अगं, फक्त बारा!"

"पुन्हा मोज!"

पुन्हा बाराच!

"म्हणजे सहावीची रेघ चांगली मीटरभर मागे आहे!" पोपट ओरडला. "तिथला माणूस सगळ्यांपेक्षा मीटरभर जास्त धावतो!"

चिमणी मटकन खाली बसली. ती फक्त वीतभराने हरली होती! तिचे डोळे भरून आले. पण लगेच दुसरा विचार मनात आला. आज त्या रेघेवर ताडमाड उभी राहणार, आणि ताडमाड मागे पडली तर...

"पोपट, धाव झाल्यावर सांगितलं तर?"

पोपट चक्क गप्प बसला! आयुष्यात पहिल्यांदाच. चिमणीला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"चल, आत्ताच्या आत्ता सरांकडे!" ती उठून पळत सुटली.

सामानाच्या खोलीत सर आणि मैदानाची देखभाल करणारे काका चहा पीत बसले होते. सगळं ऐकून काका उखडलेच. "वीस वर्षं मी हे मैदान आखतोय! पावलांनी कधी मैदान मोजतात का?"

"काकांची रेघ चुकायची नाही," सर म्हणाले. "जा, तयारीला लागा."

चिमणी रडकुंडीला आली. पण पोपटाला मावशीचं टेपबद्दलचं बोलणं आठवलं आणि त्याने तिला हळूच डोळा मारला.

"खरंय, काका! तुमची टेप म्हणजे टेप! मग माझी उंची तेवढी मोजून द्या ना. सुट्टीत किती वाढलो, म्हणून आई विचारत होती."

काका खूश झाले. पोपट भिंतीला चिकटून उभा राहिला. काकांनी टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि डोक्यापाशी आकडा वाचला. "दोन मीटर... चाळीस..." काका अडखळले.

सरांना ठसकाच लागला. "दोन मीटर चाळीस? अरे, मग या दारातून तू आत आलास कसा?"

सरांनी टेप हातात घेतली. तिचा पहिला अख्खा मीटर गायब होता!

"पाच पट्ट्या आखून झाल्या आणि टेपचं टोक गवत कापायच्या यंत्रात गेलं," काका खाली मान घालून म्हणाले. "सहावी तशीच आखली. तुटलेला मीटर हिशेबात धरायचा राहूनच गेला."

सरांनी कपाटातून नवी टेप काढली. काकांनी स्वतः जुनी रेघ पुसून नवी रेघ मीटरभर पुढे आखली. ताडमाडला बोलावून सगळं सांगितलं, तेव्हा ती चिमणीकडे बघतच राहिली.

पाच वाजता शिट्टी वाजली. "चिमणी! ताडमाड! चिमणी!" पोपटाला एकाच वेळी दोघींच्या नावाने ओरडायचं होतं. वळण संपलं तेव्हा ताडमाड पुढे होती. चिमणी तिसरी! शेवटच्या दहा मीटरमध्ये तिने जिवाच्या आकांताने पाय उचलले आणि छाती पुढे काढली.

"पहिली ताडमाड! दुसरी चिमणी!" सरांनी जाहीर केलं. "आणि सहाव्या पट्टीतून जे जे हरले, त्या सगळ्यांची उद्या पुन्हा धाव! पोपट, तुझ्या वहीमुळे ही चूक सापडली. आणि चिमणी, गप्प बसली असतीस तर कुणालाही कळलं नसतं. शाब्बास!"

"तुमच्याकडून शिकलो, पोरांनो," काका म्हणाले, आणि त्यांनी पोपटाच्या पाठीवर जोरात थाप मारली.

मावशी दुकान तसंच उघडं टाकून धावत आली होती. तिने चिमणीला पोटाशी धरलं. किती दिवसांनी चिमणीला मोकळा श्वास घेता आला! हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"मावशी, त्या दोन्ही वेळी मी हरले नव्हते गं!"

"नव्हतीसच!" मावशी म्हणाली. "वेडाबाई, तू तिन्ही वेळा संघात आहेस!"