पायाच्या फोटोतला हात

सावकाश सांगते. घाई आता मला झेपत नाही.

पायाच्या शिरांचा फोटो काढायला मला भर दुपारी आत घेतलं. उजवा अंगठा काळा पडला होता. रक्ताला वाट असली तर पाय राहणार, नसली तर गुडघ्यापासून कापणार. सून बाहेर बाकावर बसलेली. पाय गेला तर जन्मभर तिच्याच ओंजळीनं पाणी प्यायचं. ती वाईट नाही हो, दमलीय. मीही दमलेच होते.

जांघेतली शीर बुजलेली, म्हणून डॉक्टरनं मनगटातून नळी घातली.

"दुखणं पायाला आणि टोचणं हाताला?" मी म्हटलं.

"द्राविडी प्राणायाम आहे, आजी," तो हसला. "पण पोचतो बरोबर."

नळी खांद्यावरून, छातीतून कधी खाली उतरली, कळलंही नाही. मग फोटोत शिरा काळ्या दिसाव्यात म्हणून नळीतून औषध सोडलं. ऊन पाणी सांडावं तशी मांडी गरम झाली. खाली मात्र काहीच नाही. पडद्यावर काळी रेघ उतरत उतरत आली आणि घोट्याच्या वर थबकली.

"सिस्टर, हात काढा. फोटोत येतोय."

"माझे हात इकडे आहेत, सर…"

मी मान वळवली. पडद्यावर माझा घोटा, आणि त्याला विळखा घालून बोटांची हाडं. लांब, बारीक. सिस्टर आणि मशीनवाला शिशाच्या जड एप्रनांसकट भिंतीला टेकले.

"आजी… पाय हलवू नका."

"मी कुठे हलवतेय, बाबा…"

मशीनची घरघर तेवढी चाललेली. आणि ओल्या मातीचा वास. दवाखान्यात कुठली आलीय माती?

डॉक्टर चिडूनच पुढे आला. चादर सारली. घोट्यावर काहीच नव्हतं. तरी त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि खसाखसा चोळला, गोचीड उपटावी तसा. पडद्यावर एकेक बोट सुटत गेलं. काळी रेघ सरसर अंगठ्यापर्यंत धावली. किती महिन्यांनी पायात ऊब आली, म्हणून सांगू! मला रडूच फुटलं.

"राहतोय पाय," तो म्हणाला. घाम पुसत.

रक्त थांबावं म्हणून मनगटावर हवेचा पट्टा आवळून मला वॉर्डात आणलं. पाय राहतोय हे सुनेनं ऐकलं, आणि ती माझ्या खाटेच्या कडेला डोकं टेकून गाढ झोपली.

ऊन कलल्यावर पट्ट्यातली हवा सोडायला डॉक्टर स्वतः आला. खरं तर ते सिस्टरचं काम. हवा सोडली, नाडी बघितली, तरी जाईना. स्टुलावर बसला. उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल दाबत राहिला. माझ्याकडे बघत नव्हता.

"आजी, एक विचारू?" आवाज पार खाली गेलेला. "तुमचा पाय पहिल्यांदा गार पडला… तेव्हा घोट्यापासूनच सुरुवात झाली होती का?"