आजोबांच्या नावाची हाक

थोरलीला सगळे थोरली म्हणत. पाठीवर भावंड झालंच नाही, तरी नाव पडलं ते पडलं. बेकरीतली पहाटेची पाळी संपवून ती त्या दिवशीही जुन्या नोंदींच्या सरकारी कचेरीत गेली, तेव्हा तिच्या केसांत पीठ होतं आणि डोळ्यांत झोप. हेलपाटे घालून तिच्या नाकी नऊ आले होते. या खिडकीने त्या खिडकीकडे पाठवायचं, त्या खिडकीने उद्या या म्हणायचं. कचेरीला तिचा कंटाळा आला होता आणि तिला कचेरीचा.

पण घरी आई होती, अंथरुणाला खिळलेली. आई लहान असताना तिचे वडील परगावी कामाला गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांच्या मागे घरमालकाने आजीला आणि आईला बाहेर काढलं, बिऱ्हाड दुसरीकडे हललं. वडील मेले की दुसरा संसार थाटून बसले, कुणालाच कळलं नाही. आई जन्मभर त्यांच्यावर रुसून राहिली. आता डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिचा रुसवाही थकला होता.

"एवढंच कळू दे गं मला," ती रोज संध्याकाळी म्हणायची. "ते येत होते, का येणारच नव्हते?"

त्या एका उत्तरासाठी थोरली कचेरीची पायरी झिजवत होती. उत्तर आई जायच्या आधी मिळायला हवं, हा घोर तिला भट्टीसमोरही सोडत नसे.

कचेरीची एक रीत होती. तळघरातून नोंद वर आली, की शिपाई अर्जदाराचं नाव घेत नसे. ज्याची नोंद, त्या गेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारायची, आणि नातेवाइकाने ‘आहे’ म्हणून पुढे व्हायचं. पहिल्या दिवशी ते ऐकून थोरलीला कसंसंच झालं होतं. चांगली धडधाकट माणसं मेलेल्यांच्या नावाला ओ देत होती.

"अहो ताई, कागद ज्याचा, नाव त्याचं," शिपाई म्हणाला होता. "तुमच्या नावाचं इथे काय आहे? आणि नसलेलंच बरं."

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. एकेक जण कागद घेऊन गेला आणि बाकं रिकामी होत गेली. जुन्या कागदांचा कुबट वास, पंख्याची कुरकुर, खिडकीच्या जाळीतून येणारा मळकट उजेड. थोरलीने भिंतीला डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला.

झोपेतच तिला आजोबांचं पूर्ण नाव ऐकू आलं. उठायचं होतं, पण अंग उचलेना. ‘आहे’ म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,

"आहे..."

आवाज म्हातारा होता, आणि फार दमलेला. कुणीतरी पाय ओढत तिच्या बाकापाशी आलं. थांबलं. दवाखान्यात येतो तसा फिनेलचा वास आला. मग पावलं पुढे गेली, आणि तिला पुन्हा गाढ झोप लागली.

जागी झाली तेव्हा दालनात शिपायाशिवाय कुणी नव्हतं.

"माझा कागद?"

"दिला की."

"कुणाला?"

"तुमच्याच माणसाला. तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही माझी नात. मी म्हटलं, उठवू का? तर नको म्हणाले."

"माझ्या घरी... कुणी म्हातारं माणूस नाही."

शिपायाने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. "तिथे वाचत बसले होते. नोंद नाही, तुमचा अर्जच वाचत होते. पत्त्यावर बोट ठेवून. बाहेर जाताना मात्र मला दिसले नाहीत."

टेबलापासून खुर्ची मागे सरकवलेली होती. टेबलावर नोंद होती, तिला टाचलेला थोरलीचा अर्ज होता, आणि अर्जावर घराचा हल्लीचा पत्ता. थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी तिने नोंद वाचली, कारण त्यासाठीच तर ती आली होती. घरी परतताना प्रवासात ताप भरला. अनोळखी गावच्या इस्पितळात दाखल. मृत्यू. सांगितलेल्या पत्त्यावर कळवले, तेथे कोणी राहत नाही. प्रेत न्यायला कोणी आले नाही.

येत होते. भीतीबिती विसरून थोरली तिथेच हमसून रडली. मग नोंदीची शिक्का मारलेली नक्कल पिशवीत घालून ती घराकडे निघाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

आईजवळ बसलेल्या शेजारच्या काकू ती येताच आपल्या घरी गेल्या. थोरलीने दारात चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि ती कॉटच्या कडेला टेकली. आई शांत पडून होती.

"आई, सापडलं गं. ते..."

"येत होते," आई म्हणाली. "कळलं मला. जुन्या घराचं दार वाजवून वाजवून दमले म्हणे. तुझ्या अर्जावर पत्ता सापडला."

"कोण... कोण म्हणालं तुला?"

"आत्ताच सांगितलं त्यांनी. तू चपला काढत होतीस ना, तेव्हा." आईने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि ती लहान मुलीसारखी हसली. "सकाळी निघू या म्हणतात."

"कुठे?... आई, कुठेही जायचं नाही. मी जागी आहे. मी रात्रभर इथेच बसणार आहे."

"बस हो. दमलीयस तू. बाकावर झोपली होतीस, तेव्हाही त्यांना तुझी दया आली."

थोरलीने मान ताठ ठेवली. मागे वळायचं नाही आणि डोळे मिटू द्यायचे नाहीत, एवढंच ती मनाशी घोकत राहिली. फिनेलचा वास आला. पापण्या जड होऊ लागल्या. पीठ झाडावं तसा तिच्या केसांवरून कुणाचा तरी हात फिरत होता, सावकाश, मायेने, आणि आईचे दोन्ही हात तिला समोर पांघरुणावर दिसत होते.