लाल दिव्यावरची काळी पट्टी

ही हकीकत खरी आहे, हे पटवून देण्याचा हट्ट असलमने कधी धरला नाही. मात्र तिला भास म्हणणाऱ्याशी तो आजही वाद घालतो. कारण तेव्हा रात्र नव्हती. गेल्या मे महिन्यातली, धुळ्यातली लख्ख दुपार होती. अडीच वाजले होते.

साक्रीचा योगेंद्र आपल्या आईला, मंजुळाबाईंना, डायलिसिससाठी घेऊन निघाला होता. वाटेत गाडीचे दोन दिवे लागले. गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा पिवळा आणि ब्रेकचा लाल. त्याने गाडी थेट असलमच्या गॅरेजमध्ये घातली.

स्कॅनरने दोष दाखवला तो मागच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. नवा यायला चार दिवस लागणार होते.

गॅरेजच्या मागे त्याच बनावटीची एक चेपलेली गाडी नऊ वर्षे उभी होती. असलमच्या धाकट्या भावाची, शाहबाजची. घाटात ब्रेक गेले तेव्हा तीत तो एकटाच होता, आणि तिथेच गेला. तिचा एक स्क्रूही असलमने तोवर कोणाला दिला नव्हता.

त्या दुपारी त्याने तिचा सेन्सर काढून योगेंद्रच्या गाडीला बसवला.

दिवे विझले नाहीत.

"दिव्यांवर काळी पट्टी चिकटवून द्या ना, भाऊ," योगेंद्र म्हणाला. "चारला आईचा नंबर आहे. सगळेच मिस्तरी लावतात, तुमचंच काय वेगळं?"

शाहबाजच्या गाडीतल्या लाल दिव्यावर असलमनेच अशी पट्टी लावली होती. "नंतर बघू," असे म्हणून.

तरीही, मंजुळाबाईंचा सुजलेला चेहरा पाहून, त्याने पट्टीचे वेटोळे उचलले...

आणि स्कॅनरवरचा वेगाचा आकडा हलला.

गाडी जॅकवर होती. चारही चाके स्थिर होती.

मागचे डावे चाक... बासष्ट.

एकाहत्तर...

अठ्ठ्याऐंशी...

आत कोणी नव्हते. तरी ब्रेकचे पेडल खाली गेले. वर आले. पुन्हा खाली...

बाकावरून मंजुळाबाई कंटाळून म्हणाल्या, "असलम, त्या भाऊले सांग. कितला येळ ब्रेक दाबी ऱ्हायना? पाय दुखतीन त्याना."

"कोणाचे, आई?" योगेंद्रने विचारले.

"गाडीमा बठेल शे, त्याना." त्यांनी ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवले.

आकडा शून्यावर आला.

असलमने वाकून पाहिले. पेडलच्या त्या दाबाने मागच्या डाव्या चाकाजवळची, आधीच झिजलेली ब्रेकची नळी चिरली होती आणि तेल जमिनीवर ठिबकत होते.

"ही गाडी आज हलणार नाही," तो म्हणाला. मंजुळाबाईंना त्याने रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवले.

मग तो सेन्सर परत लावायला मागे गेला.

शाहबाजच्या गाडीची बॅटरी नऊ वर्षांपूर्वीच काढलेली होती. तरीही... डॅशबोर्डवरची पट्टी सोललेली होती, आणि तिच्या जागी लाल दिवा जळत होता.

तो अजून जळतो. योगेंद्रला असलमने दाखवला. काहीच दिसत नाही, म्हणाला. त्यावरून दोघांत कडाक्याचा वाद झाला.

मंजुळाबाईंना तिथे नेण्याचे धाडस मात्र असलमला अजून झालेले नाही.