लख्ख खिडकीतली टाचणी

आधी कोडं सांगते. टाचणी माझ्या डोळ्याला स्वच्छ दिसत होती. तिच्या पायांवरची लवसुद्धा दिसत होती, शप्पथ. मी बटण दाबलं, एकदा नाही, बारा वेळा. आणि फिल्म धुतल्यावर बाराही फोटोंत टाचणीच्या जागी नुसती धुरकट रेघ आली. डोळ्याने पाहिलेलं फोटोत का उतरलं नाही?

उत्तर मला त्याच संध्याकाळी मिळालं. पण ते नीट सांगायचं तर माझ्या आतेभावाबद्दल, निषादबद्दल सांगावं लागेल, आणि मला त्याचा किती हेवा वाटत होता तेही सांगावं लागेल. तेवढं लपवून गोष्ट पुढे सरकतच नाही.

मी ऋजुता, वय बारा. आम्ही रत्नागिरीच्या दक्षिणेला सड्याच्या पायथ्याशी राहतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोठं सपाट पठार. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्या पाण्यावर टाचण्या येतात. टाचणी हा चतुराचा बारीक, नाजूक भाऊबंद. गेल्या वर्षी, २०६७ च्या भाद्रपदात, मला तिथे एक अशी टाचणी दिसली जिच्या शेपटीच्या टोकाला लाल पट्टा होता. आमच्याकडच्या सगळ्या टाचण्यांचा पट्टा निळा असतो. मी लगेच फोटो काढला, तर फोटोत पट्टा निळाच!

यात माझी चूक नव्हती. हल्लीचे कॅमेरे शहाणे आहेत. जे अस्पष्ट असेल ते स्वतःच्या माहितीतून भरून काढतात. माझ्या कॅमेऱ्याला लाल पट्ट्याची टाचणी माहीतच नव्हती, म्हणून त्याने ती ‘सुधारली’. याच कारणामुळे जीवनोंद मंडळ (नवे प्राणी आणि वनस्पती तपासून त्यांची यादी ठेवणारी संस्था) शहाण्या कॅमेऱ्याचा फोटो घेत नाही. फोटो फिल्मवरच हवा, फोकस हाताने जुळवलेला हवा, आणि प्राण्याचा डोळा रेखीव हवा. ज्याचा फोटो मान्य होतो त्याचं नाव नोंदीत लागतं आणि नव्या प्राण्याला नाव ठेवायचा मानही त्यालाच मिळतो. एकालाच.

टाचणी मी शोधली होती, तेव्हा तो मान माझा होता, असं मी वर्षभर धरून चालले होते. मग या भाद्रपदात पुण्याहून निषाद आला.

निषाद माझ्याच वयाचा. त्याला विज्ञान स्पर्धेत बक्षिसं मिळतात. तो जेवताना न सांगता ताट उचलून ठेवतो, मग माझी आई माझ्याकडे बघते. आजोबांना तो असे प्रश्न विचारतो की ते चहा प्यायचा विसरतात. आजोबा म्हणजे डॉ. विनायक परचुरे, निवृत्त प्रकाशशास्त्रज्ञ. वर्षभर मी त्यांच्याजवळ असते, आणि आठ दिवसांसाठी आलेला हा मुलगा त्यांच्या खुर्चीशेजारचं स्टूल पटकावतो. मला तो मुळीच आवडत नव्हता. त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं, याचा तर जास्तच राग यायचा.

आजोबांनी कपाटातून दोन फिल्मचे कॅमेरे काढले. दोन्हींवर भिंग सारखंच होतं. फरक होता तो व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायची कॅमेऱ्याची खिडकी). जुन्या कॅमेऱ्यातून बघितलं तर सगळं अंधुक आणि रवाळ, गढूळ पाण्यातून बघितल्यासारखं. नवा कॅमेरा त्यानंतर तीस वर्षांनी बनलेला. त्याची खिडकी इतकी लख्ख होती की गवताचं पातं न् पातं चमकत होतं. निषादने त्याला डोळा लावला आणि तो हळूच “वा” म्हणाला. तो कॅमेरा मला हवा होता. खरं तर तो त्याला मिळायला नको होता.

आमच्या घरी कशावरून भांडण होईलसं दिसलं की चिठ्ठ्या टाकतात. ताकाच्या रिकाम्या वाडग्यात दोन चिठ्ठ्या. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘नवा’ लिहिलेल्या चिठ्ठीचा कोपरा मी नखाने जरासा दुमडला. आजोबांनी मला आधी उचलायला सांगितलं. नवा कॅमेरा मला मिळाला.

सकाळी सड्यावर मोठ्या खळग्याशी आम्ही दोन टोकांना बसलो. टाचणी माझ्या बाजूला आली. मी गवतात पालथी पडून बारा फोटो काढले. निषादच्या बाजूला काहीच आलं नाही, म्हणून त्याने एका बेडकाचे फोटो काढले. मला इतका आनंद झाला की मी त्याला माझ्यातला लाडू दिला.

दुपारी न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने झाकून आजोबांनी फिल्म धुतल्या. माझ्या टाचणीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. आणि निषादचा बेडूक? त्याच्या डोळ्याभोवतीची सोनेरी कडासुद्धा मोजता आली असती. तीही त्या गढूळ कॅमेऱ्यातून! मी म्हटलं, माझ्या कॅमेऱ्याचं भिंग बिघडलंय. आजोबा म्हणाले, बघू या.

त्यांनी टेबलावर मोजपट्टी तिरकी उभी केली, म्हणजे एक टोक जवळ आणि दुसरं लांब. दोन्ही कॅमेऱ्यांच्या भिंगाचं आतलं भोक पूर्ण उघडलं. सड्यावर गवताच्या सावलीत प्रकाश कमी, त्यात टाचणी चुळबुळी, म्हणून आम्ही ते तसंच उघडं ठेवून फोटो काढले होते. मग त्यांनी मला १५ च्या आकड्यावर फोकस जुळवायला सांगितला (भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमा रेखीव करणं). जुन्या कॅमेऱ्यात १५ रेखीव झाला आणि १४, १६ लगेच विरघळले. जरा हात हलला की १५ सुद्धा जायचा. नव्या कॅमेऱ्यात १३ पासून १७ पर्यंत सगळे आकडे छान दिसत होते. मी कडी फिरवत राहिले, तरी ते छानच दिसत राहिले.

“आता खरं कोण बोलतो ते फिल्मलाच विचारू,” आजोबा म्हणाले.

त्यांनी नव्या कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं आणि जिथे फिल्म असते तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवला. खोलीत अंधार करून मोजपट्टीवर दिवा सोडला. कागदावर उलटी, चिमुकली मोजपट्टी उमटली. तिच्यात एकच आकडा रेखीव होता, आणि तो १५ नव्हता, १७ होता. खिडकीत पाचही आकडे चांगले दिसत होते, म्हणून माझा फोकस कुठे बसलाय हे मला कळलंच नव्हतं.

म्हणजे भिंग चांगलं होतं. खिडकीच मला गोड बोलून फसवत होती. पण कशी?

आजोबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना पेपरातला मथळाही वाचता येत नाही. एका पुठ्ठ्याला त्यांनी सुईने भोक पाडलं, ते डोळ्याशी धरलं आणि बारीक अक्षरातली बातमी घडाघडा वाचून दाखवली. तुमच्या घरी चष्मा लावणारं कोणी असेल तर करून बघा. भोक बारीक असलं की मधले सरळ किरणच आत येतात. कडेचे तिरके किरण, जे अक्षर पसरवतात, ते बाहेर अडतात. त्यामुळे जवळचं, लांबचं, सगळंच बऱ्यापैकी रेखीव दिसतं.

आता कॅमेऱ्यात बघा. भिंगातून आलेला प्रकाश आतल्या आरशावरून वर एका काचेवर पडतो आणि तिथे चित्र तयार होतं. आपण खिडकीतून बघतो ते हे चित्र. जुन्या कॅमेऱ्यात ही काच वाळूने घासून खरखरीत केलेली असते. तिच्यावर पडलेला किरण सगळ्या दिशांना विखुरतो. त्यामुळे भिंगाच्या कडेने आलेल्या तिरक्या किरणांचाही थोडा वाटा डोळ्यापर्यंत पोचतो. प्रकाश असा चहूकडे उधळला जातो, म्हणून चित्र अंधुक दिसतं.

नव्या कॅमेऱ्याची काच फार गुळगुळीत असते. ती किरण विखरू देत नाही. मधले किरण सरळ डोळ्यात येतात, म्हणून चित्र लख्ख. तिरके किरण मात्र तसेच तिरके डोळ्याच्या बाजूने निघून जातात.

निषादने हात वर केला, शाळेत असल्यासारखा. त्याच्या आधी मीच बोलले. “म्हणजे माझ्या डोळ्याला भिंगाचा मधलाच तुकडा मिळत होता आणि फिल्मला अख्खं भिंग.”

“हेच गो,” आजोबा म्हणाले. “डोळा पुठ्ठ्यातून बघत होता, फिल्म उघड्या डोळ्याने.”

नव्या धाटणीचे ते कॅमेरे एरवी आपला फोकस आपणच जुळवायचे, त्यामुळे माणसाला खिडकीत सुरेख चित्र दिसलं की पुरे होतं, असं त्यांनी सांगितलं. शिवाय नव्या खिडकीतलं चित्र लहानही होतं. पसारा लहान असला की त्यातली चूकही लहान दिसते. लख्खपणाच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एकेक रोल उरला होता आणि पाऊस थांबल्याने खळगा आटत चालला होता. उद्याची सकाळ शेवटची. आता दोघांनाही जुनाच कॅमेरा हवा होता. पुन्हा वाडगा आला. मी ‘जुना’च्या चिठ्ठीचा कोपरा दुमडला. आणि आजोबा म्हणाले की काल ऋजुताने आधी उचलली, आज निषादची पाळी. त्याने वाडग्यात बोटं फिरवली. दुमडलेला कोपरा बोटाला लागतोच. त्याने तीच उचलली.

सकाळी टाचणी आम्हा दोघांच्या मधोमध एका काडीवर बसली. दुपारी माझ्या फिल्मवर पुन्हा धूसर रेघाच होत्या, कालच्यापेक्षा थोड्या बऱ्या. निषादच्या बारांपैकी एका फोटोत लाल पट्टा दिसत होता. आजोबांनी तो फोटो मोठा करून टेबलावर ठेवला आणि ते चहा करायला गेले. निषाद त्यांच्या मागोमाग गेला.

मी भिंग घेऊन त्या फोटोवर तुटून पडले. मला त्यात चूक हवी होती. एखाद्याचा मनापासून हेवा वाटत असला की माणूस किती बारकाईने बघतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि चूक सापडली! टाचणीचा डोळा रेखीव नव्हता. फोकस डोळ्याच्या जरा मागे गेला होता. डोळा धूसर म्हणजे मंडळ फोटो परत करणार, नोंद होणार नाही, आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा संधी. मला अगदी हलकं हलकं वाटलं.

मग फोकस गेला तरी कुठे, हे मी पाहिलं. तो शेपटीच्या टोकावर होता. शेपूट वाकवून तिने टोक काडीत रोवलं होतं, आणि त्याच्या खाली काडीवर बारीक चिरांची सरळ ओळ होती. टाचणी काडीला चीर पाडून तिच्यात अंडी घालते. म्हणजे ही टाचणी वाऱ्याने कुठून तरी भरकटत आलेली नव्हती. ती इथलीच होती, आमच्या सड्यावरची. एका वेळी रेखीव येणारा थर जेमतेम दोन तांदळांच्या जाडीचा. डोळ्यावर पडला असता तर चिरा दिसल्या नसत्या.

बाकी कोणाच्याही नजरेस हे पडलं नव्हतं. मी फोटो उलटा ठेवून गप्प बसले असते तरी चाललं असतं. दोन मिनिटं तशी बसलेही. मग आजोबा कप घेऊन आले आणि मी जे बोलले ते मला अजिबात बोलायचं नव्हतं.

“डोळा धूसर आहे. पण डोळा सोडा, ही अंडी बघा.”

चिठ्ठ्यांचं मी त्यानंतर सांगितलं, कारण एकदा तोंड उघडल्यावर ते आत राहीना. निषाद म्हणाला की कोपरा त्याला बोटाला लागला होता, तो मुद्दामच दुमडलेला असणार हे त्याने ओळखलं होतं, आणि म्हणूनच त्याने ती चिठ्ठी उचलली होती. म्हणजे तोही काही साधा नाही. तेव्हापासून तो मला थोडा आवडतो.

अंडी दाखवणारा फोटो मंडळाने डोळा धूसर असूनही घेतला. नोंदीत नाव निषादचं लागलं, टाचणीला नावही तोच ठेवणार आहे. मंडळाचं पत्र मी एकदा वाचलं आणि घडी करून आजोबांच्या कपाटात ठेवून दिलं. अजूनही त्याची आठवण आली की हेवा वाटतो.

पण सध्या मी फार कामात आहे. आजोबांनी मला कॅमेऱ्यात बसतील असे काचेचे पातळ तुकडे दिलेत आणि मी ते वेगवेगळ्या बारीक वाळूने पाण्यात घासते आहे. जाड वाळूने काच खरं सांगते पण अंधुक होते. बारीक वाळूने उजळ होते पण थापा मारते. या दोन्हींच्या मधली वाळू मला शोधायची आहे. अकरावी काच काल झाली. तिच्यातून १५ एकटा उभा राहतो आणि पुष्कळ उजेडात उभा राहतो. निषादला मी फोनवर हे सांगितलं, तर १५ खरंच एकटा दिसतो का, असं त्याने दोनदा विचारलं. मग ती काच आठ दिवसांसाठी पाठवशील का, असं त्याने विचारलं. त्याच्या आवाजातला हेवा मी लगेच ओळखला. भाद्रपदात तो माझाच होता.