रेघ वरच्या बाजूला

अंडी उबवणी केंद्रात त्याची सगळी हयात गेली, अजूनही तो तिथंच कामाला होता. कोंबडीचं अंडं सारखं फिरवत राहावं लागतं, नाहीतर पिल्लू आतून कवचाला चिकटतं. पुढे फिरवायला यंत्रं आली, पण त्याच्या हाताची खोड गेली नाही. "ताटातलं उकडलेलं अंडंसुद्धा हे आधी पालटून ठेवतात," असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

ती गेली. तिच्या हातचा एकच जीव घरात उरला. तिच्या शिवणाच्या खोलीत, काचेच्या पेटीत, पिवळ्या पट्ट्यांची सापाची मादी. बोटाएवढी असताना बायकोनं आणलेली, बिनविषारी. बायको तिला 'बाई' म्हणायची. बाईनं जन्मात दुसरा साप पाहिला नव्हता.

एका सकाळी पाण्याच्या भांड्यामागे अंडी दिसली.

प्राण्यांचे डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि हसले. "काका, बाईंनी स्थळ न बघताच संसार थाटला की."

"कोंबड्याही देतात कोंबड्यावाचून. पण ती उबत नाहीत."

"हिची कधीकधी उबतात. बरीचशी नासतील. एखादं निघालंच, तर आईच्या वळणावर जाईल." डॉक्टरांनी अंडी एकमेकांना चिकटण्याआधीच सुटी करून डब्यात ओल्या शेवाळावर मांडली, वर उबेचा दिवा लावला आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. "ही रेघ वरच राहू दे. सापाचं अंडं फिरवलं, की आतला जीव गुदमरतो. तुमचा हात तेवढा आवरा."

पेन्सिल खिशाला लावून ते गेले.

मुलगी आली ती त्याला घेऊन जायच्या तयारीनंच. "बाबा, एकटे किती दिवस राहणार? बाईला डॉक्टर सांभाळतील."

"अंडी उबू दे."

"त्यात आई नाहीये, बाबा."

"मी कुठं म्हणालो, आहे म्हणून?"

पण उबवणी केंद्रातल्या माणसाला एवढं कळतं, की अंडं बघत बसलं की दिवस निघतो. त्याला दिवसच काढायचे होते.

मग नको ते झालं. एका सकाळी कामावर निघताना त्यानं डब्याचं झाकण उचललं आणि हात आपल्या वळणानं फिरला. एकूण एक अंडं पालटलं. केंद्रावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो तसाच माघारी धावला.

सगळ्या रेघा वर होत्या.

बायकोची शिवणाची खुर्ची मात्र शिवणयंत्रापासून सरकून डब्याशी आली होती. त्यानं ती जागेवर ठेवली. मुलीला फोन करून विचारलं, "तू येऊन गेलीस का गं?"

"मी ऑफिसात आहे. का?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं मन घट्ट केलं आणि एकच अंडं मुद्दाम उलटं ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. परत आला. रेघ वर. खुर्ची डब्याशी. काचेपलीकडे बाई मान उचलून बसली होती. ती अंड्यांकडे बघत नव्हती, खुर्चीकडे बघत होती.

त्याला भीती वाटायला हवी होती. तो जमिनीवर बसला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडला. अंड्यांना पुन्हा हात लावला नाही. खुर्चीही हलवली नाही.

रविवारी तो दुपारी बाजारातून आला, तर मुलगी त्याच खुर्चीत. डोळे सुजलेले.

"बाबा, रागवा हवं तर. सगळी उलटी केली मी. रेघापण खोडल्या रबरानं, म्हणजे तुम्हाला परत सरळ करता येऊ नयेत. मला तुम्ही हवे आहात. साप नकोत."

त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "कधी?"

"तुम्ही गेल्या गेल्या. मग इथंच बसल्या बसल्या डोळा लागला."

त्यानं झाकण उचललं.

प्रत्येक अंड्यावर रेघ होती. ठळक, नुकतीच ओढलेली. एका रेघेलगत कवचाला बारीक चीर गेली होती, आणि त्या चिरेतून इवलंसं पिवळं नाक बाहेर आलं होतं.

मुलीनं खुर्चीतूनच डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "घरात पेन्सिल आहे?"

"नाही."

ती खुर्चीतून उतरून गुडघ्यांवर बसली, डब्यावर वाकली. "बाबा, दिवा जरा जवळ घेऊ का? गार तर पडणार नाही ना हे?"

तो उत्तर देणार होता. पण ती वाकली होती आणि तिचा माथा त्याच्यासमोर होता.

भांगात, डोक्याच्या बरोबर मधोमध, पेन्सिलीची एक बारीक रेघ होती.

"घे," तो म्हणाला. "हळू. फार हलू नकोस."