लाल ठिपक्याचा स्क्रू

"आलाच! भंगारवाला निघालाय म्हणे!" ढब्बू धापा टाकत वरच्या खोलीत शिरला. "बाबांनीच बोलावलंय त्याला!"

"मग तू काय हार घेऊन उभा राहणारेस? दार लाव आधी!" दादा ओरडला.

त्याच्यासमोर जुन्या टीव्हीला जोडलेला आजोबांचा संगणक होता. संगणक कसला, एक जाडजूड कीबोर्डच, पण सगळा मेंदू त्याच्याच पोटात! शेजारी टेपरेकॉर्डर, कारण या संगणकाचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर साठवायचे. दादाने पुन्हा बटण दाबलं. किर्रर्र... खर्रर्र... आणि पडद्यावर पुन्हा तेच: 'लोडिंग एरर'.

आजोबा घड्याळजी होते. आई लहान असताना त्यांनी तिच्यासाठी एक खेळ स्वतः लिहिला होता. अंधाऱ्या समुद्रातली होडी खडक चुकवत दीपगृहापर्यंत न्यायची. मागच्या सुट्टीत सगळे मिळून तो खेळले होते. आई तर दरवेळी खडकावर आपटायची आणि मुलं पोट धरून हसायची.

यंदा आजोबा नव्हते. मामा, म्हणजे ढब्बूचे बाबा, खोली रिकामी करत होता. "चालत नाही ना? मग अडगळ कशाला, ताई?" तो म्हणाला. आई "जाऊ दे" म्हणाली आणि टॉवेलची घडी घालू लागली. घातलेली घडी तिने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. ते फक्त टिटवीने पाहिलं.

टिटवी म्हणजे दादाची धाकटी बहीण. दिवसभर शीळ घालते म्हणून हे नाव. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे.

"थांब!" ती एकदम म्हणाली. "हा आवाज चुकीचा आहे. मागच्या वेळी कसा टाचणीसारखा टोकदार होता. हा तर गोधडीत तोंड खुपसून बोलतोय!"

"म्हणजे कॅसेट बिघडली," दादा म्हणाला.

"दुसरी लावून बघ."

दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्या गोधडीत!

"सगळ्या कॅसेटना एकदम सर्दी होईल का? नाक चोंदलंय ते टेपरेकॉर्डरचं!" टिटवीने झाकण उघडून आत डोकावलं. कॅसेटची फीत जिथे घासून जाते, तिथे एक बारीक स्क्रू होता. त्याच्या कडेला लाल रंगाचा तडकलेला पापुद्रा.

"आईचं नेलपॉलिश!" दादाने ओळखलं. "जो स्क्रू हलवायचा नाही, त्यावर आजोबा लाल ठिपका द्यायचे. हा कुणीतरी फिरवलाय!"

ढब्बू अचानक स्वतःच्या चपला निरखू लागला.

"बोल, ढब्ब्या!"

"बाबांनी... साफसफाई करताना सगळे ढिले स्क्रू पिळून घट्ट केले. मला म्हणाले, बघ, असं नीटनेटकं ठेवावं!"

तेवढ्यात खाली हातगाडीची घंटा वाजली.

"आजोबांचा छोटा पेचकस दे!" टिटवी म्हणाली. "दादा, कॅसेट लाव. ढब्ब्या, तू भंगारवाल्याला अडव!"

"कसा?"

"तुझं वजन वापर!"

ढब्बू धाडधाड जिना उतरला. थोड्याच वेळात खालून मामाचा आवाज आला, "अरे, काट्यावरून ऊठ की!"

"काटा खरा आहे का ते बघतोय, बाबा! हलू नका, चुकेल!"

वर टिटवी कान लावून स्क्रू केसभर फिरवत होती. गोधडी... अजून गोधडी... जरा पातळ चादर... थोडं मागे... आणि टाचणी! तिने तोच सूर शिळेवर धरला.

"हाच! आता पहिल्यापासून!"

कॅसेट मागे गुंडाळली, बटण दाबलं. पडद्यावर एकेक ओळ उमटली आणि काळ्या समुद्रात चौकोनी ठिपक्यांची होडी डुलू लागली.

"आई! मामा! वर या!"

आई दारातच थबकली. मग कीबोर्डसमोर बसली. तिची बोटं सराईतपणे चालली. एक खडक चुकला, दुसरा चुकला. दीपगृह समोर आलं, आणि तिने होडी सरळ खडकावर घातली!

"आत्या पुन्हा बुडाली!" मागून आलेला ढब्बू किंचाळला.

पडद्यावर इंग्रजी लिपीत आजोबांचे शब्द उमटले: 'हरकत नाही, चिमणे. पुन्हा कर. मला घाई नाही.'

आई ते वाचत राहिली. टिटवीला आत्ता कळलं, आईला हा खेळ छान जमायचा. पहिल्यापासून.

"मुद्दाम बुडायचीस ना गं?" तिने हळूच विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली आणि तिला जवळ ओढलं.

मामाने तडकलेला पापुद्रा पाहिला आणि तो खाली बसला. "मी बाबांचंच काम बिघडवलं, आणि वर अडगळ म्हणालो. शाबास रे पोरांनो! माझ्यापेक्षा तुम्ही ते नीट पाहिलंत, नीट ऐकलंत." मग तो आईकडे वळून म्हणाला, "ताई, नेलपॉलिश आहे का गं?"

खालून भंगारवाला ओरडला, "अहो, काही द्यायचंय की नुसतं पोरगंच तोलायचंय?"

"काही नाही द्यायचं!" सगळे एका सुरात ओरडले.

मामाने स्क्रूवर जपून लाल ठिपका दिला. आईने कीबोर्ड टिटवीपुढे सरकवला.

"खेळ. आणि बुडालीस तरी हरकत नाही."